परत आलेला प्रश्न

माझा प्रश्न परत आला. त्या दिवशी घडले ते एवढेच, आणि त्याहून मोठे काही घडल्याचा आव मी आणणार नाही. सकाळी हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या आमच्या खोलीत शिरले, चष्मा पुसला, खुर्चीची पाठ एका खाचेने सरळ केली (सफाई करणारा माणूस ती रोज संध्याकाळी मागे पाडतो आणि मी रोज सकाळी सरळ करते; एकमेकांचे तोंडही न पाहता आमचे हे भांडण कित्येक वर्षे सुखेनैव चालू आहे), संगणक सुरू केला, आणि पाहते तो माझ्या नावापुढे मागे वळलेला एक इवलासा बाण. बाण ओळखीचा होता. आजवर तो मी इतरांच्या नावांपुढे उमटवत आले होते. त्याखाली एक ओळ होती: ‘प्रश्नातच उत्तर सुचवले आहे. कृपया प्रश्न नव्याने लिहावा.’ ही ओळही माझीच. विभागाची नियमावली लिहिताना मीच ती शब्द मोजूनमापून बसवली होती, आणि ‘कृपया’ घालावे की नाही यावर अर्धी दुपार घालवली होती. शेवटी घातले, कारण ज्याचे चुकले आहे त्याला निदान खुर्चीवर बसवून सांगावे, या मताची मी आहे. आता त्या ‘कृपया’ने मला खुर्चीवर बसवले. कानांच्या पाळ्या गरम झाल्या. शाळेत वहीवर लाल रेघ आली की व्हायच्या तशा. म्हणजे इतक्या वर्षांत कानांच्या पाळ्यांचे वय वाढलेच नव्हते तर.

आमचे काम बाहेरच्या माणसाला सांगितले तर त्याला जांभई येते, म्हणून थोडक्यात सांगते. रुग्ण घरी गेला की त्याची फाइल आमच्याकडे येते. डॉक्टरांनी लिहिलेले सगळे वाचायचे आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला त्याचा ठरलेला कोड लावायचा. पुढे विमावाले त्या कोडांवर चालतात, आकडेवारी करणारे त्यांवरच आपली घरे बांधतात, आणि कोणत्या शस्त्रक्रियेने किती लोकांना त्रास झाला हे साऱ्या जगाला त्यांवरूनच कळते. आमच्या मताला तिथे कवडीची किंमत नाही. डॉक्टरांनी लिहिले तेच खरे. शस्त्रक्रियेनंतर ताप आला म्हणजे तो शस्त्रक्रियेमुळेच आला असे आम्ही मानायचे नाही. शस्त्रक्रियेनंतर पाऊसही पडतो. तो संबंध डॉक्टरांनी स्वतः जोडायला हवा, आणि जोडलेला नसेल तर आम्ही त्यांना लेखी प्रश्न पाठवायचा. त्या प्रश्नाची रीत मात्र सोवळ्यातली आहे. फाइलीत काय काय दिसते ते मांडावे, शक्यता मांडाव्यात, ‘याहून वेगळे’ आणि ‘सांगता येत नाही’ यांनाही बरोबरीने पाट द्यावा, आणि आपल्याला कोणते उत्तर आवडेल याचा वासही वाचणाऱ्याला लागू देऊ नये. मी नवी होते तेव्हा आमचे मोठे साहेब जाडजूड कोडग्रंथावर बोटांनी ताल धरीत म्हणत, “बाई, तुमच्या डोक्यातलं फाइलीत सांडू नका. डाग जात नाही.” पुढे मी त्यांच्या खुर्चीत बसले, निवृत्त झाले, अवघड फाइलींसाठी पुन्हा बोलावली गेले, आणि या साऱ्या काळात मी डाग पाडला नव्हता.

फाइल एका स्त्रीची होती. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली; जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची बाहीसारखी नळी करतात ती. घरी गेली, आणि काही दिवसांनी ताप घेऊन परत आली. शिकाऊ डॉक्टराने लिहिले होते, ‘ताप, लाली, त्वचेचा जंतुसंसर्ग, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली.’ लाली कुठे, ते लिहिले नव्हते. नर्सने लिहिले होते, ‘ड्रेसिंग बदलले, कोरडे,’ पण नर्सच्या नोंदीवरून आम्हांला कोड लावता येत नाही, आणि तिनेही ड्रेसिंग कुठले ते सांगितले नव्हते. जखमेतल्या पुवात जंतू सापडले होते, त्यांचे नाव होते, त्यांवर कोणते औषध चालते तेही होते. जंतूंचा पत्ता तेवढा नव्हता. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेमुळे झालेल्या जंतुसंसर्गाला स्वतंत्र कोड आहे, आणि तो लावला की तो त्या शस्त्रक्रियेच्या खात्यावर कायमचा बसतो. न लावता तीच फाइल साध्या त्वचारोगाची होते. मधे एक प्रश्न. नव्या मुलीलाही नीट लिहिता येईल असा. आणि मी, जिने ही रीत अख्ख्या विभागाला शिकवली तिने, काय लिहिले होते? ‘सदर जंतुसंसर्ग हा वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचाच परिणाम आहे, याची खातरजमा करावी.’ मी ते वाक्य पुन्हा वाचले. त्यातला ‘च’ माझ्याकडे बघत बसला होता, पाहुण्यांदेखत आगाऊपणा करणाऱ्या पोरासारखा.

“मॅडम, रागावू नका हं,” दारातून आवाज आला. ही आमची चाळणी. बाई पंचेचाळिशीची, दोन मुलांची आई. तिच्या हातून खडा पुढे जात नाही म्हणून तिला मीच हे नाव दिले, आणि इतरांचे काम तपासायला बसवले तेही मीच.

“‘रागावू नका’ म्हणजे मी रागावणार हे तू आधीच ठरवलंस,” मी म्हणाले. “हेसुद्धा सुचवणंच झालं.”

“बरं. मॅडम, तुम्हांला काय वाटतंय?”

“राग आलाय.”

ती हसली आणि आत येऊन स्टुलाच्या कडेवर टेकली. “मी तीनदा वाचलं. म्हटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मग म्हटलं, दुसऱ्या कुणाचं असतं तर मी काय केलं असतं? डोळे मिटले आणि बटण दाबलं.”

“डोळे उघडे ठेवून दाबायचं. शिकवलंय कुणी तुला?”

“तुम्हीच.”

“मग बरोबर केलंस. जा, काम कर.” ती उठली, पण दाराशी घुटमळली. “मॅडम, घरी सगळं ठीक ना?” असे विचारले, आणि आपल्याच प्रश्नातला ‘ना’ ध्यानात येऊन जीभ चावली. मी हाताने तिला वाऱ्यासारखी उडवून लावली. खरे म्हणजे मला तिचा अभिमान वाटला होता, परंतु माणसांना हे लगेच सांगितले तर ती ढिली पडतात.

घरी सगळे ठीक नव्हते. माझी मोठी सून येत्या सोमवारी हीच शस्त्रक्रिया करून घेणार होती, याच हॉस्पिटलात, या फाइलीतल्याच सर्जनकडून, आणि चहाच्या वेळी अगदी शांतपणे, बशी पुसता पुसता, ती मला म्हणाली होती, “आई, सोबतीला माझी बहीण येईल. तुम्ही नका येऊ.” स्त्रियांच्या वॉर्डात रात्री सोबतीला स्त्रीच लागते. या घराण्यातल्या प्रत्येक खाटेशेजारच्या त्या कडक खुर्चीत आजवर मी बसले आहे. सासूबाई, दोन्ही जावा, नणंदेचे पित्ताशय, धाकट्याचा मोडलेला पाय, आणि शेवटी आमचे हे. खुर्चीवर उशी कुठे ठेवावी म्हणजे पाठ धरत नाही, रात्रपाळीच्या नर्सशी पहिले वाक्य कोणते बोलावे म्हणजे ती सकाळपर्यंत आपली होते, हे मला जेवढे कळते तेवढे तिच्या बहिणीला सात जन्मांत कळायचे नाही. मी थोरल्याकडे पाहिले. तो वर्तमानपत्रात इतका खोल शिरला होता की नुसती बोटे बाहेर राहिली होती. “तू काही बोलणार आहेस का?” मी विचारले. “माझं ऐकतंय कोण,” कागदाच्या आतून उत्तर आले. हे वाक्य त्याने वडिलांकडून वारशाने घेतले आहे, आणि तेवढेच नीट जपले आहे.

मी शस्त्रक्रियेच्या विरुद्ध होते, आणि ते लपवून ठेवण्याचा माझा स्वभाव नाही. लोकांना वाटले, म्हातारीला नवे काही सोसत नाही. सोसत नाही कसे? आमच्या मजल्यावर पहिला संगणक माझ्या टेबलावर आला. पण माझ्या टेबलावर येतात ती माणसे कोणती, हे कुणी पाहिले आहे? ज्यांची शिवण उसवली, ज्यांच्या पोटात पू साठला, ज्यांचा ताप हटेना, ती. ज्यांना काही झाले नाही त्यांची फाइल दोन ओळींत मिटते; कुणीतरी नवी मुलगी ती चहा पिता पिता उरकते. बरी झालेली माणसे अवघड फाइलींच्या बाईकडे येतच नाहीत. तीस-पस्तीस वर्षे ज्या खिडकीतून फक्त पडलेलीच माणसे दिसतात, तिच्याशी बसलेल्या बाईला रस्ता निसरडा वाटला तर नवल काय? हे मी सूनबाईला सांगितले होते का? सांगितले होते, म्हणजे ‘शिवण उसवली म्हणून तुला परत ऑपरेशन टेबलावर जायचंय का?’ आणि ‘पू झाला तर काय करशील?’ अशा स्वरूपात सांगितले होते. तेव्हा ते मला सांगणेच वाटले होते.

मी नवा कोरा चौकोन उघडला आणि प्रश्न लिहायला घेतला, पण बोटे कळफलकावर नुसतीच पसरून बसली. टेबलाची काच थंड होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी खाट सरकवत होते. चाकांचा तो किरकिरा आवाज छतातून उतरून दाढेत येऊन थांबतो. ‘याची खातरजमा करावी.’ कुणाचे आहे हे वाक्य? माझ्या तोंडी ते इतके सहज आले कुठून? मग एकदम बीट आठवले. सूनबाई घरात आली त्या पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम तिच्या पानाशी उभी राहून विचारले होते, “तुला बीट आवडतं ना?” ती “हो” म्हणाली. तेव्हापासून आमच्याकडे दर आठवड्याला बीट होते. कधी किसून, कधी उकडून, कधी सूप करून. ती खाते, आणि नंतर पाणी पिते. एक अख्खा ग्लास, एका दमात. हे पाणी मी इतकी वर्षे पाहत आले होते. आणि तिला तहान फार लागते, साखर तपासायला हवी, असा त्याचा अर्थ लावून तिला तपासणीला धाडलेही होते. मागच्या आठवड्यात थोरल्याने चेष्टेने विचारले, “ऑपरेशननंतर महिनाभर पातळ खायचं, झेपेल का तुला?” तेव्हा ती पटकन म्हणाली होती, “चालेल की, बीट तरी सुटेल,” आणि मग माझ्याकडे पाहून गप्प झाली होती. मी तेव्हा ते ऐकले नव्हते, म्हणजे कानांनी ऐकले होते. आता खोलीत एकटी बसून मी ते ऐकले आणि मला हसू फुटले. बीट! एक अख्खा संसार बीटावर काढला पोरीने, आणि उत्तर मीच लिहून दिलेले.

आमचे हे म्हणायचे, “तुझा प्रश्न आला की उत्तर शोधायचे कष्ट वाचतात.” मी ती स्तुती समजत असे. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी रोज सकाळी पडदा सारून विचारी, “आज बरं वाटतंय ना?” आणि ते म्हणत, “हो.” मग मी उशी ठाकठीक करी आणि दोघेही आपापल्या परीने समाधानी होत असू. एके दिवशी मी थर्मास घेऊन दाराशी आले तो आत नर्स विचारत होती, “आजोबा, कसं वाटतंय?” एवढेच. पुढे काही नाही. आणि हे बोलत होते. कुशीवर वळले की बरगडीखाली कसे ओढले जाते, पहाटे कसली भीती वाटते, ती भीती उजाडले की कशी जाते पण पूर्ण कशी जात नाही. किती बोलत होते! मी थर्मास धरून बाहेर उभी राहिले, आणि मनात म्हटले, यांना पहिल्यापासून परक्या बायकांशी गप्पा मारायची हौसच. थर्मासचे झाकण नीट बसले नव्हते. गरम चहाचा एक ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत गेला. त्या ओघळाची वाट मला आजही बोटाने दाखवता येईल.

मी मनगट पुसले. तिथे काही नव्हते, पण पुसले. आणि प्रश्न लिहिला. ‘रुग्णास ताप व त्वचेचा जंतुसंसर्ग असल्याची नोंद आहे. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया यापूर्वी झाली आहे. संसर्गाची जागा नोंदलेली नाही. संसर्ग कोणत्या जागी होता व आपल्या वैद्यकीय मते त्याचे कारण काय, हे कृपया लिहावे: शस्त्रक्रियेशी संबंधित, शस्त्रक्रियेशी असंबंधित, याहून वेगळे, सांगता येत नाही.’ स्वच्छ. धुतलेल्या काचेसारखा. वाचताना मला स्वतःलाच कळेना की मला कोणते उत्तर हवे आहे. खरे सांगायचे तर अजून हवे होते तेच. निदान एका सर्जनने, निदान एका कागदावर, ‘म्हातारी म्हणते ते बरोबर’ असे लिहावे, आणि तो कागद घरी नेता येत नसला तरी त्याची ऊब पदरात घेऊन मी चहाच्या टेबलाशी बसावे. रुग्णाची गोष्ट हॉस्पिटलच्या दाराबाहेर न्यायची नाही, हा नियम मी कधी मोडला नाही. पण ऊब नेऊ नये असे नियमावलीत कुठे लिहिलेले नव्हते. मी पाठवायचे बटण दाबले, डोळे उघडे ठेवून.

या सर्जनला आम्ही ‘तारवाले’ म्हणतो. प्रत्येक शब्दाला पैसे पडतात अशा हिशेबाने ते लिहितात. दुपारी चाळणी माझ्या दारात आली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की तोंडात गरम घास आहे आणि गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही. “मॅडम, तारवाल्यांचं उत्तर आलंय. वाचलं का?”

“मी वाचायच्या आधी तू वाचलंस?”

“तपासणं माझं कामच आहे.”

मी वाचले. ‘डाव्या टाचेवर फोड. नवे बूट. फोड फुटून संसर्ग. पोटावरच्या जखमा पूर्ण कोरड्या, स्वच्छ. शस्त्रक्रियेशी असंबंधित. रुग्ण रोज चालते. थांबा सांगितले. थांबत नाही.’

तारवाल्यांनी एका दमात इतके लिहिल्याचे मला आठवत नाही. मी पुन्हा वाचले. टाच! मी त्या बाईच्या पोटात पू शोधत होते, आणि ती पायात नवे बूट घालून रस्त्याने चालली होती. कधी काळी जिला दोन चौक चालणे जड जात असेल ती बाई दुकानात बसून बूट निवडते आहे, लेस बांधायला वाकते आहे, वाकता येते म्हणून पुन्हा सोडून पुन्हा बांधते आहे. आणि मग चालते आहे, टाच सोलवटते तरी चालते आहे, घरचे ओरडतात तरी चालते आहे. हे फाइलीत नव्हते. हे मी माझ्या डोक्यातले सांडत होते. परंतु या खेपेला ते माझ्यापुरतेच सांडले आणि त्याचा डाग पडला नाही. माझ्या खिडकीतून पहिल्यांदाच एक चालणारे माणूस दिसले होते, तेही लंगडत, आणि मला इतके हसू आले की चाळणी घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन आली. टाचेच्या संसर्गाचा कोड लावला, फोडाचा लावला, ही शस्त्रक्रिया पूर्वी झाली आहे एवढी साधी नोंद करणारा लावला, आणि दोषाचा तो कोड जिथल्या तिथे राहू दिला.

“मॅडम,” चाळणी म्हणाली, “तुमचा पहिला प्रश्न गेला असता तर ते नुसतं ‘हो’ लिहून मोकळे झाले असते का हो?”

“घाईत असते तर झाले असते. पुरुषांना ‘हो’ म्हणायला वेळ लागत नाही.” मग मी तिला म्हणाले की तू आज चांगले काम केलेस. ती इतकी गोंधळली की पाण्याचा ग्लास स्वतःच पिऊन गेली.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही सर्वांत वर राहतो. घरात कान फार, म्हणून सासूसुनांचे जे काही महत्त्वाचे बोलणे होते ते जिन्यात होते, ही आमच्याकडची जुनी पद्धत. मी पुढे, ती मागे. पहिल्या पायरीला मी विषय काढते, दुसऱ्या मजल्यापर्यंत माझे म्हणणे मांडून होते, आणि पुढे ती काही बोलत नाही, म्हणजे तिला पटलेले असते. थोरल्याची बदली, नातीची शाळा, बैठकीचा रंग, सगळे निर्णय याच जिन्यात झाले, आणि सगळे मी जिंकले. त्या संध्याकाळी मी खाली फाटकाशी थांबले. ती जमिनीची मोजणी करणाऱ्या कचेरीत आहे. पूर्वी तिपाई खांद्यावर टाकून डोंगरउतार पालथे घालायची, आता आत बसून इतरांनी आणलेले आकडे तपासते. ती आली. मला पाहून तिच्या चेहऱ्यावर ते नेहमीचे आले, परीक्षेच्या दालनात शिरणाऱ्या हुशार मुलीचे. मी म्हणाले, “तू पुढे हो.”

“मी?”

“हो. आज मी मागून येते.”

ती चढू लागली. पहिला मजला मी काही बोलले नाही. कधी कुणी मला सांगितले नव्हते की न बोलणे हे इतके अंगमेहनतीचे काम आहे. तोंडात किती तरी प्रश्न दाटीवाटीने उभे होते, प्रत्येकाच्या हातात आपापले उत्तर. मी त्यांना एकेक करून मागे सारले. मागून चालताना मला प्रथमच तिचे चढणे दिसले. एक हात कठड्यावर, दुसरा मांडीवर. प्रत्येक पायरीला ती गुडघ्याची समजूत घालत होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, खिडकीच्या कट्ट्याशी, ती थांबली. इथेच ती नेहमी गप्प होते. मी विचारले, “हे ऑपरेशन तू कशासाठी करतेयस?” आणि तोंड मिटले.

ती माझ्याकडे पाहत राहिली. पुढे काहीतरी येणार म्हणून वाट पाहत होती. काही आले नाही. खाली कुणीतरी सायकल कुलूपबंद केली. ती कट्ट्यावर बसली, श्वास खाली बसू दिला, आणि म्हणाली, “खरं सांगू?”

मी मान हलवली.

“डॉक्टरांना गुडघे सांगितले, साखर सांगितली. तेही आहेच. पुन्हा तिपाई घेऊन बाहेर पडायचंय, तेही आहे. पण मनातलं सांगायचं तर, आई, मला तुमच्याशी भांडायचंय.”

“माझ्याशी?”

“आजवर एकदाही नीट भांडता आलं नाही. तुम्ही चढता चढता बोलता. मला मुद्दे सुचतात, चांगले सुचतात, पण इथवर आलं की दमच उरत नाही. आणि वर पोचून दम खाईपर्यंत तुम्ही ह्यांना सांगूनही टाकता, ‘तिलाही पटलंय.’ बैठकीचा तो रंग मला कध्धीच पटला नव्हता.”

मी भिंतीला हात लावला. म्हणजे माझे सगळे विजय! बदली, शाळा, बैठक. ती गप्प झाल्यावर मी जिंकले हे खरे. पण कशामुळे जिंकले, हे मी आयुष्यात कुणाला विचारले नव्हते. अख्ख्या जिन्याचा कोड चुकीचा लावून बसले होते. अपमान वाटायला हवा होता, आणि वाटला नाही. उलट, पोरगी आपल्याशी भांडता यावे म्हणून पोट कापून घ्यायला निघाली आहे, असा मान कुठल्या सासूला मिळाला असेल, असे काहीतरी मूर्खासारखे मनात येऊन गेले.

“आणि बीट?” मी विचारले. नीट विचारले, ‘ना’ न लावता.

“मातीसारखं लागतं,” ती म्हणाली, आणि दोघीही अशा हसलो की शेजारच्या दारामागे साखळी वाजली.

मग मला ते विचारायचे होते. ‘मी येऊ ना?’ किती लहान, किती तयार वाक्य. मी ते गिळले आणि म्हणाले, “सोमवारी सोबतीला तुला कोण हवंय?” विचारून मी खिडकीबाहेर पाहिले, कारण माझा चेहरा उत्तर सुचवील अशी मला शंका आली. समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. एक, दोन, मी पुढे मोजल्या नाहीत.

“बहीण एकदा झोपली की ढोल वाजवले तरी उठायची नाही,” ती हळूहळू म्हणाली, जणू स्वतःशी. “तुम्ही नको म्हटलं, कारण तुम्ही आलात की डॉक्टरांच्या आधी तुम्हीच सांगाल मला काय झालंय ते. मला नुसतं विचारणारं कुणीतरी हवंय. आत्ता विचारलंत तसं. तसं जमणार असेल तर तुम्ही या.”

“जमेल असं मी सांगणार नाही,” मी म्हणाले. “चुकेन. चुकले की प्रश्न परत कर.”

“परत कर म्हणजे?”

“नुसतं ‘परत’ म्हणायचं. मला कळतं.”

ती उठली. आम्ही चढू लागलो, आता शेजारी शेजारी. जिना अरुंद आहे, माझा खांदा भिंतीला घासत होता. “आणि नवे बूट घेशील तेव्हा टाचेशी मऊ बघून घे,” मी म्हणाले. “आधी घरात घालून फिरायचं, मग रस्त्यावर.”

“बूट कुठून आले मधेच?”

“आले कुठून तरी.”

तिसऱ्या मजल्याशी ती पुन्हा थांबली. या वेळी दम लागला म्हणून नव्हे. “आई, एवढे दिवस तुम्ही जे बोलत होतात, ते तुम्हांला भीती वाटत होती म्हणूनच ना?”

“परत,” मी म्हणाले.

ती क्षणभर गोंधळली. मग तिच्या लक्षात आले, आणि कपाळावर हात मारून हसली. तिने कठडा सोडला, माझ्याकडे नीट वळली, आणि शब्द जुळवत विचारले, “आई, तुम्हांला काय वाटतंय?”

एवढेच. पुढे काही नाही. मी तोंड उघडले. मला वाटले होते एका वाक्यात आटपेल. पण एकामागून एक गोष्टी निघू लागल्या. ती कडक खुर्ची, पहाट, माझ्या खिडकीतून दिसणारी पडलेली माणसे, मनगटावरचा ओघळ. मी पायरी चढत होते आणि बोलत होते, बोलत होते आणि चढत होते, आणि चौथ्या मजल्याशी मलाच दम लागला. सूनबाई माझ्यासाठी थांबली. “सावकाश,” ती म्हणाली, “मी ऐकतेय.” वर थोरल्याने दार उघडून डोकावून पाहिले, आणि आम्हां दोघींना पाहून मुकाट्याने पुन्हा लावून घेतले.